शहराची नाडी

एखादें शहर सुखवस्तु आहे कीं आंतून खंगत चाललें आहे, हें ओळखावयाचें कसें? परगांवचा पाहुणा स्टेशनावर उतरतो, गिरण्यांचीं धुराडीं मोजतो, पेठेंतील गर्दी पाहतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. आम्हांस हा निकाल उतावळेपणाचा वाटतो, आणि तसें वाटण्यास सोलापूरचा इतिहास कारण आहे.

१८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली. १८७४ सालीं तेथें कापडगिरणीची कंपनी निघाली व १८७७ मध्यें तिचीं चक्रें फिरूं लागलीं. परंतु १८७६ ते १८७८ हीं वर्षें दख्खनच्या घोर दुष्काळाचीं! धान्य महागलें कीं लोक प्रथम नवें कापड घेण्याचें सोडतात. त्यामुळें शेतकऱ्यामागोमाग विणकरही उपाशी पडतो. एकीकडे धुराडें वर चढत होतें, दुसरीकडे हातमाग थंडावत होते. अशा वेळीं शहर वाढलें म्हणावें कीं खालावलें? वस्ती वाढते ती भरभराटीनेंच वाढते असें नाहीं. खेड्यांतील उपासमारही माणसांस शहराकडे लोटते.

पुढें उलट अनुभवही आला. लोक जिला ‘जुनी मिल’ म्हणत, ती गिरणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंद पडली, तरी शहर मेलें नाहीं. यंत्रमागावरील चादरी व टॉवेल यांनीं त्याचें नांव दूरवर नेलें, आणि घरीं बसून विड्या वळणाऱ्या हजारों स्त्रियांनीं संसार सावरले. ही कमाई धुराडीं मोजून दिसत नाहीं. तसेंच चादरीच्या कीर्तीवरून ती विणणाराचें कर्जही दिसत नाहीं.

म्हणूनच प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें केलेल्या पुणें शहराच्या पाहणीचें मोल आम्ही मोठें मानतों. १९४५ सालीं तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. बाजाराच्या दिमाखावर न विसंबतां कुटुंबांकडे जाऊन त्यांचा धंदा व मिळकत विचारावी, हा तिचा मार्ग होता.

वैद्य रोग्याच्या अंगावरील शाल पाहून प्रकृति ठरवीत नाहीं; तो नाडी पाहतो. करांचा वसूल व गिरण्यांचा नफा हे आंकडे निरुपयोगी नव्हेत. पण ती शाल होय. महिनाअखेर वाण्याची उधारी फिटली कीं वाढली, आणि घरांतील मूल शाळेंत गेलें कीं कामावर, ही नाडी होय. आपल्या गांवाच्या उत्कर्षाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ती एकदां अवश्य पाहावी.