अंथरूण आखडते तेव्हा : नागपूरचा इतिहास आणि आपला क्रेडिट स्कोअर

१/
एक कोडे घ्या. एका तरुणाने वर्षभर नवे कर्ज काढले नाही, एकही हप्ता चुकवला नाही, खर्चही वाढवला नाही. तरीही वर्षअखेरीस त्याची पत घसरली. हे कसे घडले?
याचे उत्तर आजच्या क्रेडिट कार्डात सापडते. तेच उत्तर १८०३ च्या नागपूर दरबारात, १८६५ च्या कापूस बाजारात आणि १९३४ च्या एका कायद्यातही सापडते. आजचा थ्रेड त्या उत्तराचा.

२/
आधी संज्ञा समजून घेऊ. बँक कार्डावर जास्तीत जास्त जेवढी उधारी देते ती आपली पतमर्यादा. त्यातला जेवढा भाग आपण वापरला, त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे ‘क्रेडिट युटिलायझेशन’, अर्थात पतवापर.
मर्यादा ५०,००० रुपये आणि थकबाकी १५,००० रुपये असेल, तर पतवापर ३० टक्के. हे प्रमाण सतत चढे राहिले, तर कर्ज देणारा समजतो की या माणसाचे हात तंग आहेत.

३/
मराठीने हे गणित कधीच एका म्हणीत बसवले आहे : अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हण शहाणपणाची खरी, पण ती सगळा उपदेश पायांना करते, अंथरुणाला काहीच सांगत नाही.
वरच्या उदाहरणात बँकेने मर्यादा ५०,००० वरून २०,००० वर आणली, तर थकबाकी तीच राहूनही पतवापर ७५ टक्के होतो. पाय जागचे हलले नाहीत, अंथरूण आखडले. कोड्याचे उत्तर हेच.

४/
आता नागपूरकडे वळू. १८०३ च्या युद्धात दुसरे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध उतरले. २९ नोव्हेंबरला अडगावचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहाने कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला.
सुमारे एक तृतीयांश मुलूख काही आठवड्यांत नाहीसा झाला. फौज, दरबार, मानकरी आणि त्यांचे खर्च मात्र नागपुरात होते तसेच राहिले.

५/
पुढचे वर्णन ब्रिटिश गॅझेटियरमध्ये येते. गेलेला महसूल उरलेल्या मुलखातून भरून काढण्याचा प्रयत्न झाला. सारा वाढला, नवे कर बसले. तरीही फौजेचे पगार थकले आणि पगार थकलेले शिपाई रयतेलाच लुटून पोट भरू लागले. त्यातच पेंढारी आले. १८११ मध्ये त्यांनी थेट नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन शहराबाहेरच्या वस्त्या जाळल्या. विदर्भात आजही दिसणाऱ्या अनेक गावगढ्या याच धास्तीच्या काळातल्या.

६/
हे वर्णन राज्य जिंकणाऱ्यांनी लिहिले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. पण त्यामागचे गणित नाकारता येत नाही. थकलेला पगार हेही एक कर्जच असते. शिपायाने आपली मेहनत राज्याला उधार दिलेली असते. दुसऱ्या रघूजींवरचे ओझे अचानक वाढले नव्हते. ते ओझे पेलणारा पाया एकाएकी अरुंद झाला होता. आणि त्याची किंमत अखेर दरबाराने नव्हे, शेतकऱ्याने मोजली.

७/
पन्नास वर्षांनी चित्र बदलले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर नव्या मध्य प्रांताची राजधानी झाले. त्याच दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी मिळाली.
याचा एक परिणाम पतीवर झाला. मालकीची जमीन तारण ठेवता येते. तारण आले की कर्ज देणारा हात सैल सोडतो. अंथरूण एकदम रुंद झाले. पण ते दुसऱ्याने अंथरलेले होते.

८/
त्याच वर्षी, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासून नावाजलेला. भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला.
या पुराने गावच्या पतीचे काय केले, याची सर्वांत तपशीलवार नोंद मात्र विदर्भातली नाही. ती पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली आहे. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

९/
मुंबईचे निर्यातदार शहरी सावकारांना पैसा देत, ते गावच्या सावकारांना आणि गावचे सावकार शेतकऱ्यांना. या साखळीतून दख्खनच्या शेतकऱ्याला कापसाच्या एकरामागे १०० रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. ज्याला काल पाच-दहा रुपयांसाठी उंबरे झिजवावे लागत होते, त्याच्या दारी आज पैसा चालून येत होता.
शेतकऱ्याची कुवत वाढली होती का? फारशी नाही. वाढली होती ती फक्त मर्यादा.

१०/
१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकी कापूस परतला, भाव कोसळले, मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला. वरच्या सावकाराने हात आखडला, तसा खालच्यानेही आखडला. नवी उचल बंद झाली आणि जुनी बाकी मागितली जाऊ लागली. त्याच सुमारास सरकारने नव्या जमाबंदीत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला.
शेतकऱ्याने नवे काही उधळले नव्हते. अंथरूण मात्र दोन्ही बाजूंनी ओढले गेले.

११/
त्यात कायद्याची एक गाठ होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत ३ वर्षांची केली. हेतू चांगला होता : व्याज साचू नये. व्यवहारात उलटे झाले. दर ३ वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवी.
समजा, १०० रुपयांवर वर्षाला २५ रुपये व्याज. तीन वर्षांनी नव्या रोख्यावर मुद्दल १७५. शेतकऱ्याच्या हाती एक नवा पैसाही आलेला नसे.

१२/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. धान्यही लुटले गेले, पण मुख्य मागणी एकच होती : वह्या आणि रोखे बाहेर काढा. ते हाती आले की जाळले जात. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

१३/
जमाव दागिन्यांऐवजी कागद का शोधत होता? कारण त्याची पत त्या कागदात कोंडली होती, आणि तो कागद त्याला वाचता येत नव्हता. बाकी किती, व्याज किती, मागच्या सुगीला दिलेले धान्य जमा झाले की नाही, हे फक्त वहीवाल्याला ठाऊक.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण अंथरूण पाहूच दिले नाही, तर माणसाने करायचे काय?

१४/
सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने बहुतांश दोष सावकारीवर ठेवला. वाढीव साऱ्याचा वाटा मान्य करणे सरकारला सोयीचे नव्हते. तरी चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा निघाला. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. आणि शेतकऱ्याला तीन साधे हक्क मिळाले : पैसे भरल्याची पावती, वर्षाकाठी हिशेब आणि मागितल्यास पासबुक.

१५/
हा कायदा दख्खनचा होता. नागपूरला थांबावे लागले. दरम्यान १८६७ मध्ये रेल्वेने नागपूर मुंबईला जोडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भाचा शेतकरी जगाच्या बाजाराशी बांधला गेला. तिथला चढ त्याचा, तसा उतारही त्याचाच.
१९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पार पाडले. कर्जाचा आकडा मात्र रुपयांत लिहिलेला होता. तो एका पैशानेही उतरला नाही.

१६/
पुन्हा तेच गणित : बाकी तीच, ती फेडण्याची ताकद कमी. या वेळी नागपूरच्या विधिमंडळाने पाऊल उचलले. १९३३ च्या मध्य प्रांत कर्ज सलोखा कायद्याने सलोखा मंडळे आली. मंडळासमोर सावकार आणि कर्जदार दोघांना बोलावून बाकी झेपेल इतकी खाली आणायची, हा उद्देश.
त्यात एक कडक अट होती. मंडळाने मागवूनही सावकाराने कर्जाचे विवरण मुदतीत दिले नाही, तर ते कर्ज फिटले असे धरले जाई.

१७/
पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, मध्य प्रांत सावकारी कायदा आला. प्रत्येक कर्जदाराचा हिशेब नीट ठेवणे आणि दरवर्षी त्याला वाचता येईल असे सहीचे हिशेबपत्रक देणे सावकारावर बंधनकारक झाले. हे टाळले तर न्यायालय व्याज नाकारू शकत असे.
सुप्यात वह्या जळल्या, त्याला ५९ वर्षे झाली होती. वही जाळण्यापेक्षा वही उघडणे परिणामकारक, हे आता कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

१८/
वही गावातून संगणकात कशी गेली? १८३७ च्या मंदीत पोळलेला न्यूयॉर्कचा व्यापारी लुईस टॅपन याने १८४१ मध्ये व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती गोळा करून विकणारी संस्था काढली. १९५६ मध्ये अमेरिकेतच बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी ही पारख आकडेमोडीवर आणली. भारतात २००० मध्ये सिबिल स्थापन झाली आणि २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. ३०० ते ९०० मधला स्कोअर ही आजची वही.

१९/
स्कोअर काढण्याचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. हप्ते वेळेवर भरणे हा त्यातला मोठा घटक, आणि पतवापर हा दुसरा महत्त्वाचा. ३० टक्क्यांच्या आत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ती कायद्याची रेषा नव्हे.
कधीच कर्ज न घेतलेल्याचा स्कोअर मात्र चांगला नसतो, तो नसतोच. वही कोरी असेल, तर वाचणारा काय वाचणार?

२०/
आता कोड्यातल्या तरुणाकडे परत येऊ. अंथरूण आखडण्याचे आजचे तीन प्रसंग लक्षात ठेवा.
बँकेने मर्यादा कमी केली. किंवा आपणच जुने कार्ड बंद केले, त्यामुळे एकूण मर्यादा घटली. किंवा आपण दरमहा पूर्ण बिल भरतो, पण बँकेने नोंद पाठवली ती बिल भरण्याआधीची. मग वहीत चढते ती मोठी थकबाकी. शेवटच्याचा उपाय सोपा : बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकावी.

२१/
चांगली गोष्ट अशी की, थकबाकी उतरली की पुढच्या नोंदीत प्रमाणही उतरते. चुकवलेल्या हप्त्याचा डाग इतक्या लवकर जात नाही. वाईट गोष्ट अशी की, आकड्याला कारण कळत नाही. चैनीसाठी वापरलेले ८० टक्के आणि आईच्या उपचारासाठी वापरलेले ८० टक्के त्याला सारखेच. गावचा सावकार निदान घर ओळखत असे. पण ती ओळख तो स्वतःच्या फायद्यासाठीच वापरत असे. दोन्ही वह्यांत एक एक उणीव आहे.

२२/
म्हणून १८७९ आणि १९३४ चा हक्क आजही मोलाचा. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत. अहवालात चूक असेल, तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला जी वही हिसकावून घ्यावी लागली, ती आज मागून मिळते. तरी आपल्यातले कित्येक जण ती कधी मागतच नाहीत.

२३/
सार एवढेच. किती उसने मिळते, ही पत नव्हे. मिळत असूनही किती न वापरता राखले आहे, ती पत. कारण अंथरूण बहुधा दुसऱ्याच्या हातात असते, आणि ते ओढले जाते तेव्हा आधी विचारले जात नाही. १८०३ मध्ये नव्हते विचारले, १८६५ मध्येही नाही.
आजोबांच्या पेटीत एखादा जुना कर्जरोखा किंवा मोडीतली खतावणी असेल, तर ती फेकू नका. आधी ती वाचून घ्या, मग स्वतःचा अहवाल उघडा. दोन्ही एकाच ग्रंथाची पाने आहेत.