रस्त्याच्या समासातले कसब

खेळांचे इतिहास बहुधा मैदाने आणि विक्रम यांच्या आधारे लिहिले जातात. स्केटबोर्डवरून पदपथाच्या कडेवर घसरत जाण्याच्या कसबाचा इतिहास मात्र मैदान हातचे गेल्यावर सुरू होतो.

१९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळीला जमिनीवर भक्कम पकड मिळाली. कॅलिफोर्नियातील १९७६-७७च्या दुष्काळात कोरड्या पडलेल्या जलतरण तलावांच्या वक्र भिंती तरुणांना आयत्याच सापडल्या. चाकांचा आस तलावाच्या काठावर घासत नेण्याची 'ग्राइंड'ची रीत या काळात रुळली. पाठोपाठ काँक्रीटची व्यावसायिक स्केटपार्क उभी राहिली. परंतु अपघातांचे दावे आणि विम्याचा खर्च यांमुळे १९८०च्या सुमारास त्यांतील बहुतेक बंद पडली. काठ गेले. उरली ती पदपथाची जेमतेम सहा इंच उंचीची कड.

या संदर्भात जॉन लुसेरो आणि त्याच्या साथीदारांचे नाव घेतले जाते. व्हिटियरच्या स्केटपार्कातून बाहेर काढल्यावर त्यांनी बाहेरच्या वाहनतळातील कडांनाच तलावाचा काठ मानले. 'स्लॅपी' या प्रकारात उडी नसते. तिरक्या दिशेने येऊन पुढचा आस कडेवर आपटायचा. मागचा त्यामागून ओढला जातो. याच कडेवर 'बोर्डस्लाइड'ही शिकता येते. त्यात फळी कडेला आडवी ठेवून तिच्या पोटावर घसरायचे असते. नवशिक्या भीतीने मागे झुकतो, फळी पुढे निसटते आणि तो पाठीवर आपटतो. वजन फळीच्या मधोमध, गतीच्या दिशेने सोपवले तरच तोल राहतो. शरीराला आपल्या सहज भयाविरुद्ध वागायला लावणे हेच येथील खरे शिक्षण. कड बुटकी असल्याने पडण्याची किंमतही परवडते.

खरबरीत काँक्रीटवर फळी अडते, म्हणून कडेवर मेण घासले जाते. कॅलिफोर्नियात वाहन थांबवण्यास मनाई असलेली कड तांबडी रंगवतात. त्या रंगाच्या गुळगुळीत थरावर फळी अधिक सहज सरकते. मनाईची खूणच अशा रीतीने निमंत्रण होते. नगररचनाकाराने एका अर्थाने लिहिलेली ओळ येथे दुसऱ्या अर्थाने वाचली जाते. साहित्याच्या अभ्यासकाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये.

नगरपालिकांनी आणि मालमत्ताधारकांनी या वाचनाला उत्तर दिले ते कठड्यांवर धातूच्या खुंट्या ठोकून. पुढे, २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, पायऱ्या, कठडे आणि लोखंडी दांडे मुद्दाम बांधून त्यांवर पदके देण्यात आली. ज्या वर्तनाला शहर हुसकावून लावते, त्यासाठी शहराची प्रतिकृती उभारावी लागली.

या सन्मानाने कसब जगभर पोचले, हे खरे. परंतु स्पर्धेसाठी बांधलेल्या कठड्याला दुसरा अर्थ नसतो. तो एकाच वाचनासाठी घडवलेला असतो. या कसबाची मूळ दफ्तरे पदपथावरच आहेत: मेणाने काळवंडलेली, रंग उडालेली, कोपरे झिजलेली कड. कुणाचे नाव नसलेल्या या समासटीपा, आणि दुरुस्तीच्या एका फेरीत पुसल्या जाणाऱ्या.