रुग्णाचे कथन आणि छातीचा नाद : रोगनिदानपद्धतीतील एक स्थित्यंतर (१७६१–१८१९)

अठराव्या शतकातील युरोपीय वैद्याच्या दृष्टीने रुग्णाचे स्वतःचे कथन हाच रोगनिदानाचा प्रमुख आधार होता. नाडी, जीभ व मूत्र पाहिले जाई. परंतु अंगास हात लावून केलेली तपासणी बेताचीच असे. दूरगावचा धनिक रुग्ण आपली लक्षणे पत्राने कळवी आणि वैद्यही पत्रानेच उपचार सुचवी. हे कथन मागे कसे पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१७६१ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पादुआच्या मोर्गान्यीने सुमारे ७०० रुग्णांच्या शवविच्छेदनांवरून रोगाचे मूळ अवयवात असते, असे दाखविले. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून उमटणाऱ्या नादावरून आतील विकार ओळखण्याची रीत एका छोट्या लॅटिन पुस्तिकेत मांडली. वडिलांच्या खानावळीतील पिंपांवरून त्यास ही कल्पना सुचली, ही कथा सर्वत्र आढळते. स्वतः त्याने मात्र निरोगी छातीच्या नादास कापडाने झाकलेल्या ढोलाची उपमा दिली आहे. पुस्तिका बव्हंशी दुर्लक्षितच राहिली. १८०८ मध्ये कोर्व्हिसारने तिचे सटीप फ्रेंच भाषांतर केले. शोध स्वतःच्या नावावर खपविणे त्यास शक्य होते. त्याने तसे केले नाही, हे नमूद करावयास हवे.

मधल्या काळात क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये रुग्णालय हेच वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र बनले होते. तेथील रुग्ण गरीब होते. जिवंतपणी तपासलेल्या देहाचे मृत्यूनंतर विच्छेदन करून निदान पडताळता येत असे. १८१६ मध्ये लाएनेकपुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. स्थूलपणामुळे ठोकून फारसे कळेना आणि छातीस कान लावणे अप्रशस्त. त्याने कागदाची सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर व दुसरे स्वतःच्या कानाशी धरले. स्टेथोस्कोपवरील त्याचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला.

फूकोने १९६३ मध्ये या स्थित्यंतराचे विवेचन वैद्याच्या ‘दृष्टी’च्या अंगाने केले. प्रस्तुत लेखकास येथे कानाचे महत्त्व अधिक वाटते. फुप्फुसातील क्षयाची पोकळी ओळखण्यासाठी लाएनेक रुग्णास बोलावयास लावी. आवाज थेट छातीतून नळीत उतरल्यासारखा वाटला की पोकळी आहे, असे तो मानी. रुग्ण बोलतच होता. पण तो काय बोलतो, याला त्या क्षणी महत्त्व नव्हते. लाएनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयानेच मरण पावला.