संगणक पडद्याचे क्षेत्रफळ

भंडारा जिल्ह्यातील धानाची आयताकृती बांधी लांबी-रुंदीवरून मापता येते. संगणकाचा पडदा मात्र कर्णाच्या मापाने विकला जातो. प्रारंभीच्या दूरचित्रवाणी-नलिकांचे तोंड वर्तुळाकार असल्याने व्यास हे एकच माप पुरेसे होते. आयताकृती नलिका आल्यावर व्यासाची जागा कर्णाने घेतली. परंतु कर्णावरून क्षेत्रफळ काढण्यास भुजांचे गुणोत्तरही ठाऊक असावे लागते. भुज, कोटी व कर्ण यांचा संबंध शुल्बसूत्रांत आढळतो. भास्कराचार्यांनी तो लीलावतीत (११५०) सोदाहरण मांडला, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा उल्लेख पाटणे (जि. जळगाव) येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. या संबंधानुसार ४:३ प्रमाणाच्या २० इंची पडद्याच्या भुजा १६ व १२ इंच, तर क्षेत्रफळ १९२ चौ. इंच येते. त्याच कर्णाच्या १६:९ पडद्याचे क्षेत्रफळ सु. १७१ चौ. इंच भरते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुंद पडदे रूढ झाले, तेव्हा आकडा तोच राहून ग्राहकाच्या पदरी पडणारे क्षेत्र सु. ११ टक्क्यांनी घटले. जुन्या नलिकांचा काही भाग चौकटीखाली झाकला जाई, म्हणून तेथे दृश्य कर्णच मोजणे इष्ट ठरे.