फिट आणि मेंदूतला 'गोंद'

फिट येऊन गेल्यावर मेंदूतल्या पेशी का मरतात? आज मी या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे.

१८५६ मध्ये फिरशो यांनी चेतापेशींच्या मधल्या भागाला 'न्यूरोग्लिया' म्हटलं, म्हणजे चेतांचा गोंद. नुसता चिकटवणारा, असा समज रूढ झाला. १८८० मध्ये सोमर यांनी अपस्माराच्या रुग्णांत हिपोकॅम्पस या भागातल्या पेशी नष्ट झालेल्या दाखवल्या. पुढे म्युनिकच्या श्पीलमायर यांनी दोष दिला रक्तवाहिन्यांना: त्या आकसतात, रक्त कमी पडतं. १९७३ मध्ये मेल्ड्रम यांनी बबून माकडांचे स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन पाहिलं. तरीही लांबलेल्या फिटने पेशी मेल्याच. म्हणजे फिट स्वतःच घातक.

मग रक्तवाहिन्या सुटल्या का? नाही. २००० नंतरच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की त्यांची भिंत पाझरते आणि रक्तातलं अल्ब्युमिन मेंदूत शिरतं. ग्लियापेशी ते शोषतात, आणि जादा पोटॅशियम उचलण्याचं त्यांचं काम मंदावतं. पुढच्या फिटला वाट मोकळी होते.

म्हणून सांगतो, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. रुग्णाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर लगेच दवाखाना गाठा.