अँगोव्ह म्हणजे स्मिथच! एका दुर्मिळ कॉर्निश आडनावाची गोष्ट

स्मिथ हे ब्रिटनमधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव. मूळ अर्थ लोहार. त्याच देशात, त्याच अर्थाचं आणखी एक आडनाव आहे, पण ते फारसं कुणी ऐकलेलं नसतं. ते म्हणजे अँगोव्ह.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथली कॉर्निश ही स्वतंत्र भाषा, वेल्श आणि ब्रेटनची बहीण. कॉर्निशमध्ये 'गोव्ह' म्हणजे लोहार आणि 'अन' म्हणजे इंग्रजीतलं 'द'. लिहिताना दोन्ही शब्द जोडले गेले आणि अँगोव्ह तयार झालं. अँगविन (गोरा) हे आडनावही असंच बनलं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं 'ल गॉफ' हे तर अँगोव्हचं सख्खं भावंडच.

कॉर्नवॉलची ओळख असलेली आडनावं बहुतेक जागांवरून पडली आहेत, आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखी. ट्रे (वस्ती), पोल (तळं), पेन (टोक) अशी त्यांची सुरुवात असते. धंद्यावरून पडलेली कॉर्निश आडनावं त्यामानाने कमी.

या नावाला वजन आलं ते 1497 मध्ये. स्कॉटलंडविरुद्धच्या युद्धासाठी राजा सातव्या हेन्रीने कर लादला आणि कॉर्नवॉल पेटलं. सेंट केव्हर्न गावचा लोहार मायकल जोसेफ आणि बॉडमिनचा वकील थॉमस फ्लॅमँक लोकांना घेऊन थेट लंडनच्या वेशीपर्यंत पोहोचले. 17 जूनला ब्लॅकहीथच्या लढाईत ते हरले आणि 27 जूनला टायबर्नला दोघांना देहदंड झाला. हा लोहार इतिहासात 'अन गोफ' म्हणून ओळखला जातो. 1997 मध्ये त्याच्या गावात दोघांचा पुतळा उभा राहिला.

मग सगळे अँगोव्ह त्याचेच वंशज का? मोह होतो, पण नाही! लोहार गावोगावी होते, त्यामुळे हे नाव एकापेक्षा जास्त घराण्यांना पडलेलं असू शकतं. शिवाय मायकलचं 'अन गोफ' हे आडनाव नसून त्याच्या कामाची ओळख होती, असंच मानलं जातं. त्यामुळे नुसत्या आडनावावरून नातं सांगता येत नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी कॉर्निश रोजच्या बोलण्यातून गेली, आडनावं मात्र राहिली. एकोणिसाव्या शतकात खाणी बंद पडू लागल्यावर हजारो कॉर्निश लोक परदेशी गेले आणि त्यांची आडनावंही जगभर पसरली. अर्थात, सगळेच खाणकामगार नव्हते. डॉ. विल्यम थॉमस अँगोव्ह 1886 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले आणि अ‍ॅडलेडजवळ त्यांनी द्राक्षं लावली. त्या घराण्याच्या वाइनच्या बाटल्यांवर 'अँगोव्ह' हे नाव आजही छापलेलं असतं.