एक संगणक, दोन प्रणाली आणि मराठी मजकूर

एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याला ड्युअल बूट म्हणतात. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येते. बाणाच्या कळीने हवी ती प्रणाली निवडून एंटर दाबायचे. एका वेळी एकच चालते, पण हार्ड डिस्कवर दोन्हींची पार्टिशन, म्हणजे राखीव भाग, वेगळी असतात.

जुन्या पद्धतीत सारी मदार डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांवर असे. त्यांतले 446 बाइट प्रणाली सुरू करणाऱ्या सूचनांसाठी आणि 64 पार्टिशनच्या नोंदींसाठी. एका नोंदीला 16 बाइट लागत, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. विंडोज नव्याने टाकली की ती या सूचना पुसून स्वतःच्या लिहीत असे आणि यादीतले लिनक्स नाहीसे होई. म्हणूनच ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम रूढ झाला. यादी दाखवण्याचे काम आधी लिलो करी, पुढे ग्रब करू लागले. भारतात आणखी एक घोटाळा होई. लिनक्स संगणकाचे आतले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर सकाळचे दहा वाजले असताना पडद्यावर साडेचार दिसत.

लिनक्स 1991 मध्ये जन्मले. ते भारतातल्या घरांत पोचले मुख्यतः सीडीवरून. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिक अंकासोबत लिनक्सच्या सीडी देऊ लागले; 2004 मध्ये आलेल्या उबुंटूच्या सीडी तर टपालाने फुकट मिळत. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यासारख्या जंगलपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावासाठी हे महत्त्वाचे होते. डायल-अपचा 56 केबीपीएसचा पूर्ण वेग मिळाला, तरी 700 एमबीची सीडी उतरवायला सव्वा दिवस लागला असता. एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने मात्र महाराष्ट्राला संगणक शिकवला तो विंडोजवर. त्यामुळे लिनक्स शिकू पाहणाऱ्यालाही विंडोज काढून टाकणे परवडत नसे.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे याहून मोठी अडचण होती, ती फॉन्टची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम आणि कृतिदेवसारखे फॉन्ट यांवर डीटीपीचा सारा धंदा उभा राहिला, आणि तो विंडोजवर होता. कृतिदेवमध्ये जो ‘क’ दिसतो तो फाइलमध्ये रोमन डी असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी पानाच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिड ढीग दिसतो. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण विंडोजला ती विंडोज 2000 आणि मंगल फॉन्टपासून जमू लागली. विंडोज एक्सपीतही ती सोय आधी चालू करून घ्यावी लागे. लिनक्सच्या बाजूने लोहित हा मुक्त फॉन्ट आला, तोही पुण्यातच घडलेला, आणि ग्नोम, केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपांचे मेनूही मराठी झाले. मराठी माणसाच्या संगणकात दोन प्रणाली नांदण्याचे खरे कारण हेच मानायला हवे: जुना मजकूर एका पार्टिशनमध्ये अडकलेला, नवा युनिकोडमध्ये.

2007 मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आले. त्याने एका प्रणालीच्या खिडकीत दुसरी चालू लागली आणि संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज उरली नाही. विंडोज 8 पासून संगणक सुरू करण्याची यूईएफआय ही नवी पद्धत आणि सिक्युअर बूट रुळले; 512 बाइटांची ओढाताण संपली.

युनिकोडचा लाभ मराठीपुरता नाही. कुरखेडा तालुक्यात मराठीबरोबर गोंडीही बोलली जाते. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये घडवलेली गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली. गुंजाळा गोंडी ही गोंडीची दुसरी लिपी 2018 मध्ये आली.

एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. त्यामुळे आता अनेक घरांत जुने पार्टिशन फॉरमॅट होईल. त्याआधी त्यातल्या कृतिदेव-श्रीलिपीतल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. एकदा पार्टिशन गेले की तो मजकूर परत मिळण्याची खात्री नसते.